सरकार पक्षाचं म्हणणं

आता निवृत्त झाले आहे, म्हणून हे लिहायला हरकत नाही. सोलापूरच्या फौजदारी कोर्टात मी सहायक सरकारी अभियोक्ता होते. हे काम लोकांना वाटतं तेवढं नाट्यमय नसतं. दारूबंदीच्या केसेस, मोटारसायकलच्या चोऱ्या, भावकीतल्या मारामाऱ्या आणि ऐनवेळी फितूर होणारे पंच. दहशतवादाला देशाने काय उत्तर द्यावं, असला प्रश्न आमच्या टेबलावर येत नाही. २४ एप्रिल २०२५ ला तो आला.

त्याच्या दोनच दिवस आधी पहलगामजवळ बैसरनला २६ माणसं मारली गेली होती, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. धर्म विचारून गोळ्या घातल्या, असं बचावलेल्या बायका टीव्हीवर सांगत होत्या. माझंही डोकं तापलेलं होतं. मारणाऱ्यांना आणि त्यांना पाठवणाऱ्यांना शोधून संपवलं पाहिजे, असं मी घरी म्हटलं होतं आणि त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही. ७ मेच्या पहाटे सैन्याने पलीकडचे नऊ तळ उडवले तेव्हा मला बरंच वाटलं.

पण त्या गुरुवारी कोर्टाच्या फाटकाबाहेर जी गर्दी जमली होती, तिच्या हाताला पहलगाम लागणार नव्हतं. तिला हाताशी कुणीतरी हवं होतं.

पीएसआय तरुण होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. फाईल टेबलावर ठेवत म्हणाला, “मॅडम, तीन दिवसांची पोलीस कोठडी पाहिजे बघा. वरून सारखे फोन यायलेत.”

आरोपी यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरणारा पोरगा, विशीच्या आतबाहेरचा. हल्ल्याच्या दिवशी त्याने स्टेटसला पाकिस्तानचा झेंडा ठेवून खाली ‘मुबारक हो’ लिहिलं, अशी फिर्याद. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, म्हणजे दोन समाजांत तेढ वाढवणं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गुन्हा अजामीनपात्र.

फिर्यादीने दिलेली प्रिंट काळी-पांढरी होती. करडा झेंडा, त्यावर चाँद-तारा. वरची कडा कापलेली. मी पान उलटलं. पुढे एका साक्षीदाराच्या फोनवरून काढलेल्या मूळ स्क्रीनशॉटची प्रिंट होती, अख्खी. तिच्यात वर पोराचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात स्टेटस टाकल्याची वेळ. आज, सकाळी ९.४०. बैसरनला गोळ्या सुटल्या दुपारी.

मग झेंडा निरखून पाहिला. पाकिस्तानच्या झेंड्याला काठीच्या बाजूला उभा पांढरा पट्टा असतो. या झेंड्याला नव्हता. पीएसआयला म्हटलं, रंगीत दाखव. त्याने मोबाईल काढला. हिरवी चादर, मागे मिनार, कडेला जिलेबीचा गाडा. पोराच्या आजोळी दर्ग्याचा उरूस होता.

“ही वेळ वाचली होती का?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, रात्री ठाण्यावर पाचशे माणूस होतं. नसतं उचललं तर पोराला तिथंच मारलं असतं.”

हे त्याचं म्हणणं मी टाकून देत नाही. लिहायला बसलेला माणूस पोलिसाला सहज झोडपतो. पाचशे माणसांसमोर रात्री दोन हवालदार घेऊन उभं राहणं वेगळं असतं. पण जीव वाचवायला आत घेणं एक आणि देशद्रोही म्हणून तीन दिवस कोठडी मागणं दुसरं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नोटीस द्यावी, अटक हा नियम नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलंय. अटकेची कारणंही आता लेखी द्यावी लागतात. फाईलमधल्या त्या रकान्यात ‘तपासकामी’ एवढंच होतं.

बार रूममध्ये वेगळाच गोंधळ चालला होता. या पोराचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असा सूर निघालेला. असे ठराव बेकायदा आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावलेलं असूनही प्रत्येक वेळी तो सूर निघतोच. शेवटी विधी सेवा प्राधिकरणाकडून एक वकीलबाई उभ्या राहिल्या. चहाच्या टेबलावर एक ज्येष्ठ वकील मला म्हणाले, “कसाबला बिर्याणी घातली, आता यांनाही घाला.” (कसाबच्या बिर्याणीची गोष्ट आपण रचली होती, हे खुद्द सरकारी वकिलांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. तरी ती मरत नाही.)

माझ्या मते कसाबचा खटला हे या देशाने दहशतवादाला दिलेलं सगळ्यात जबर उत्तर आहे. तुकाराम ओंबळेंनी जीव देऊन त्याला जिवंत धरला. त्याला वकील मिळाला, उलटतपास झाला, ६ मे २०१० ला फाशीची शिक्षा झाली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अमलात आली. त्याच न्यायाधीशांनी त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपींना पुरावा पुरेसा नाही म्हणून सोडलं, हे मात्र फार कुणाला आठवत नाही. ज्या कोर्टाला सोडता येतं, त्याच्या फाशीला जग मान देतं. पहलगामच्या काही दिवस आधी अमेरिकेने २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा याला आपल्या ताब्यात दिलं. घोषणांवर कुणी आरोपी देत नसतं.

उलटं उदाहरणही आपल्याच राज्यातलं. २००६ च्या लोकल स्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्या १२ जणांची शिक्षा रद्द केली. अपील सर्वोच्च न्यायालयात आहे, निकाल लागेल तो लागेल. पण एकोणीस वर्षांनी त्या मृतांच्या घरच्यांना आपण काय सांगायचं?

सोलापूरकराला तर हे बाहेरून शिकायची गरजच नाही. १९३० मध्ये इथे जमाव भडकला, दोन पोलीस मारले गेले आणि सरकारने मार्शल लॉ पुकारला. मग खुनाचा ठपका ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला फासावर चढवलं, तेही येरवड्यातच. ते परक्यांचं राज्य होतं. दहशत बसवायला त्याला माणसं हवी होती, खरे गुन्हेगार असोत वा नसोत. चार हुतात्म्यांना आपण दरवर्षी हार घालतो.

अडीच वाजता पुकारा झाला. पोरगा पिंजऱ्यात उभा राहिला. बोटांच्या पेरांत सुताचा निळा रंग बसलेला, ओठ फुटलेला. साहेबांनी विचारलं, पोलिसांबद्दल तक्रार आहे का? त्याने मान हलवून नाही म्हटलं. ओठाचं विचारल्यावर म्हणाला, “गल्लीत.”

मी म्हणाले, सरकार पक्ष पोलीस कोठडीसाठी आग्रही नाही. फोन जप्त आहे, मूळ स्क्रीनशॉट दप्तरी आहे, त्यावरची वेळ घटनेच्या आधीची आहे. फिर्यादीची प्रत कुणी कापली याचा तपास व्हावा. वकीलबाईंना फार बोलावंच लागलं नाही. कोठडी नामंजूर, जातमुचलक्यावर सुटका.

बाहेर आल्यावर पीएसआयने रास्त प्रश्न विचारला, “सोडू कुठं?” फाटकावर माणसं तशीच होती. कारखान्याचे मालक, तेलुगू बोलणारे वयस्कर गृहस्थ, दुपारपासून कँटीनपाशी बसून होते. त्यांनी टॉवेलचे गठ्ठे नेणारा टेम्पो मागच्या बाजूला लावला आणि पोराला आजोळी पोचवलं. “दिवाळीपर्यंत तिकडेच राहू दे,” म्हणाले. कामावरून काढलं नाही.

पुढे त्या गुन्ह्यात ‘क’ समरी गेली, म्हणजे गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला असा पोलिसांचा अहवाल. फोटो कापून पहिल्यांदा कुणी फिरवला, याचा मी पाठपुरावा केला. ग्रुपचा ॲडमिन म्हणाला, मला पुढून आला. ज्याच्याकडून आला, त्याने फोन बदलला होता. मग पीएसआयची बदली झाली, माझी निवृत्ती आली, आणि तो कागद अजून तपासावरच आहे.