गारगोटी गाडीचा डबा

अंबाबाईचं दर्शन पहाटे उरकलं, पन्हाळ्यावर धुक्यात हातभर पलीकडचं दिसलं नाही आणि तांबडा-पांढरा दोनदा पोटभर झाला. कोल्हापूरच्या तीन दिवसांतलं एवढं पुरे. मला लिहायचंय ते शेवटच्या सकाळी एसटी स्टँडवर गेलेल्या अर्ध्या तासाबद्दल.

यावेळी माझे वडील, अण्णा, बरोबर होते. त्यांना एकदा आपलं विद्यापीठ बघायचं होतं. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ ला सुरू झालं, राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते. त्याआधी इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार, इतिहासाचे अभ्यासक. सागरमाळावर सुमारे ८५० एकरांचा परिसर आहे, आज तिथे झाडी आहे, तळी आहेत. अण्णा एम.ए.ला आले १९७४ साली. मुख्य इमारतीसमोरचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्याच वर्षी बसला. त्या पुतळ्यासमोर अण्णा चप्पल काढून उभे राहिले, बराच वेळ. मी काही बोलले नाही.

राहायला ते दसरा चौकाजवळच्या एका बोर्डिंगात होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी ही बोर्डिंगं उभी केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. महाराजांच्या आरक्षणाबद्दल आपण बोलतो, १९१७ च्या सक्तीच्या शिक्षणाबद्दलही बोलतो. मला मात्र बोर्डिंगंच सगळ्यात मोठी वाटतात. फी माफ झाली तरी खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा कोण देणार होतं? अण्णांना जागा मिळाली. मेसचे पैसे मात्र नव्हते. म्हणून रोज सकाळी गारगोटीहून येणाऱ्या एसटीतून आजीचा डबा यायचा. पितळी, कडीचा, झाकणावर ऑइलपेंटने नाव आणि खाली ‘दसरा चौक’.

परतीची गाडी स्टँडवरून होती. राधानगरीची एसटी लागली आणि एक पोरगा धावत दाराशी गेला. कंडक्टरने सीटखालून कापडात बांधलेला डबा काढून त्याच्या हातात दिला. अण्णा बाकावरून उठलेच.

“काय रे बाळा, घरचा डबा?”

“व्हय आजोबा.”

“कुठं शिकतोस?”

“युनिव्हर्सिटीत. एम.एस्सी.”

अण्णांनी डब्याला हात लावला. कोमट होता. मग त्यांनी त्याला अदलाबदलीची गोष्ट सांगितली, जी मी लहानपणापासून ऐकत आलेय. एकदा घाईत कुणा दुसऱ्याचाच डबा त्यांच्या हाती आला. उघडला तर पुरणपोळ्या. भुकेपोटी खाऊन टाकल्या. त्या दिवशी आजीने भाकरी आणि पिठलं दिलं होतं. सणाच्या दिवशी ते कुणा पोराच्या वाट्याला गेलं असेल, ही टोचणी अजून गेलेली नाही. सांगताना आवाज कापला. पोरगाही गप्प झाला. त्याने न विचारता गाठ सोडली आणि डबा उघडून पुढे केला. ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं कालवण. तेल कापडापर्यंत झिरपलेलं. आमच्या लॉजमध्ये तीन दिवस साधं पाणी मागितलं तरी कपाळावर आठी पडायची, आणि हा पोरगा स्वतःचं जेवण पुढे करत होता. अण्णांनी भाकरीचा कोर तोडून तोंडात टाकला.

“रिकामा डबा धुऊन पाठवतोस का?”

“नाही. आई म्हणते, धुऊ नको.”

“माझी पण हेच म्हणायची,” अण्णा म्हणाले. “झाकण उघडून बघायची, पोरानं सगळं खाल्लं का ते.”

पोराने डबा परत बांधला, वाकून अण्णांच्या पाया पडला आणि विद्यापीठाच्या सिटी बसकडे पळाला.