तुम्ही विचारलंत म्हणून: फुकट वाचायला मिळणाऱ्या शोधनिबंधावर विश्वास ठेवावा का?

एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करत असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. प्रबंधाच्या तयारीला लागलेले पदव्युत्तर विद्यार्थी विचारतात, त्यांचे मार्गदर्शक विचारतात आणि खासगी दवाखाना चालवणारे माजी विद्यार्थीही फोन करून विचारतात: 'मॅडम, हा पेपर नेटवर फुकट मिळाला. छापायला लेखकांनीच पैसे भरलेत म्हणे. मग तो खात्रीचा कसा मानायचा?' प्रश्न रास्त आहे. मात्र उभ्याउभ्या देता येईल असे त्याचे उत्तर नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. वाचकाला निबंध मोफत मिळणे ही एक गोष्ट आणि लेखकाने शुल्क भरणे ही दुसरी. मुंबईतून निघणारे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' वाचकाकडूनही पैसे घेत नाही आणि लेखकाकडूनही घेत नाही. उलट 'नेचर'सारख्या जगन्मान्य नियतकालिकाने २०२१ पासून, निबंध सर्वांसाठी खुला ठेवायचा असेल तर ९,५०० युरो असा दर लावला. म्हणजे शुल्क घेतले म्हणून नियतकालिक हलके ठरत नाही आणि घेतले नाही म्हणून ते दुय्यमही ठरत नाही. पाहायचे ते एवढेच की, पैशाचा व्यवहार आणि निबंध स्वीकारण्याचा निर्णय यांच्यामध्ये त्याच विषयातल्या तज्ज्ञांचे प्रामाणिक परीक्षण उभे आहे की नाही.

ते अनेक ठिकाणी उभे नसते, हे मी नाकारत नाही. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एका पत्रकाराने शेवाळी दगडफुलातल्या रेणूमुळे कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते, असा दावा करणारा बनावट निबंध रचला आणि तो ३०४ ओपन ॲक्सेस, म्हणजे वाचकांना मोफत खुल्या असलेल्या, नियतकालिकांकडे पाठवला. त्यातली खोट पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळेत थोडे दिवस काढलेल्या कोणालाही दिसावी अशी होती: औषध भरपूर अल्कोहोल असलेल्या द्रावणात विरघळवले होते, पण तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींना ते द्रावण दिलेलेच नव्हते. मग पेशींची वाढ खुंटली ती औषधाने की अल्कोहोलने, हे ठरणार कसे? तरीही १५७ नियतकालिकांनी निबंध स्वीकारला आणि ९८ नियतकालिकांनी नाकारला. निवडलेल्या नियतकालिकांपैकी सुमारे एक तृतीयांश भारतातली होती, हे वाचून मला फार वाईट वाटले. आपल्याकडे बढतीसाठी आणि पदवीसाठी निबंधांची संख्या मोजली जाते. त्या गरजेवर हा धंदा पोसला गेला. नाकारणाऱ्यांत मात्र 'प्लॉस वन' होते, आणि ते लेखकांकडून शुल्क घेणारेच नियतकालिक आहे. शिवाय वर्गणी भरून वाचायच्या नियतकालिकांची ही परीक्षा त्या वेळी घेतलीच गेली नव्हती.

घेतली असती तर ती सगळी पार पडली असती, असे मानायला आधार नाही. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवर बेतलेला निबंध १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वर्गणीच्या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि मागे घेतला गेला तो २०१० मध्ये. दरम्यान कितीतरी आईवडिलांच्या मनात लशीची धास्ती बसली. २०१४ च्या जानेवारीत 'नेचर'ने जपानमधले दोन निबंध छापले. साध्या पेशी सौम्य आम्लात ठेवल्या की त्या, कोणत्याही अवयवाच्या पेशी बनू शकणाऱ्या मूलपेशींसारख्या होतात, असा त्यांत दावा होता. चित्रांमधली फेरफार वाचकांनी थोड्याच आठवड्यांत दाखवून दिली आणि जुलैत ते दोन्ही निबंध मागे घेतले गेले.

मला सर्वांत बोलके वाटते ते वर्तनशास्त्रातले उदाहरण. फॉर्मच्या शेवटी सही करण्याऐवजी सुरुवातीलाच केली तर माणसे अधिक खरी माहिती देतात, असा एक निबंध २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. त्यातला एक प्रयोग वाहनविमा काढलेल्या ग्राहकांवर होता: गाडीच्या मीटरवरचा आकडा त्यांनी स्वतः लिहून द्यायचा, आणि आधीच्या नोंदीशी ताडून गाडी मधल्या काळात किती मैल चालली ते काढायचे. २०२० मध्ये त्याच लेखकांनी पुन्हा केलेल्या प्रयोगांत तो परिणाम दिसला नाही. त्या वेळी त्यांनी जुन्या प्रयोगाचा मूळ तक्ताही सर्वांसाठी खुला केला. मग इतर संशोधकांनी तो ओळीओळीने तपासला. गाड्यांच्या अंतरात एरवी बहुतेक आकडे मध्याभोवती जमतात; इथे ते शून्यापासून ५०,००० मैलांपर्यंत सारखे पसरलेले होते आणि त्यापुढे एकही नव्हता. माणूस आकडा सांगताना शेवटी शून्ये लावतो, पण दुसऱ्या वेळच्या नोंदींत तशी खूणच नव्हती. एकाच रकान्यातल्या जवळजवळ निम्म्या नोंदी एका फॉन्टमध्ये आणि उरलेल्या दुसऱ्याच फॉन्टमध्ये होत्या. आकडे बनावट असल्याचे २०२१ मध्ये उघड झाले आणि निबंध मागे घेतला गेला. नऊ वर्षे तो निबंध वाचला जात होता, त्याचे दाखले दिले जात होते. तक्ता समोर आल्यानंतर मात्र खोट फार काळ लपली नाही. म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगते, की खुलेपणाने निबंध चांगला ठरत नाही, तो तपासता येतो.

आरोग्य संशोधनात याला मर्यादा आहे आणि ती पाळलीच पाहिजे. एखाद्या लहान गावातल्या क्षयरुग्णांचे वय, लिंग आणि व्यवसाय उघड केले, तर नाव न देताही माणूस ओळखू येतो. तिथे माहिती कोणाला आणि कोणत्या अटींवर मिळेल, एवढे निबंधात स्पष्ट लिहिलेले असावे.

कोणी निबंध समोर ठेवला की मी आधी तो मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख पाहते. या दोहोंत चारच दिवसांचे अंतर असेल तर परीक्षण कधी झाले, हा प्रश्न पडतो. नंतर निधी कोणाचा, मूळ माहिती कुठे ठेवली आहे आणि निबंध मागे घेतल्याची सूचना पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर आहे का, ते पाहते.

माजी विद्यार्थ्यांच्या प्रश्नामागे बऱ्याचदा दुसरीच अडचण असते: विकतचा निबंध त्यांना परवडत नाही. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिके, अशी तिची व्याप्ती आहे. ती योजना आखली गेली सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था यांच्यासाठी. तालुक्याच्या गावी खासगी प्रॅक्टिस करणारा डॉक्टर त्या आखणीत नव्हता. त्याच्यासाठी एक वाट लेखकांच्याच हाती आहे. अनेक प्रकाशक, परीक्षणानंतर स्वीकारलेल्या मसुद्याची प्रत संस्थेच्या ऑनलाइन भांडारात, कधी लगेच तर कधी काही महिन्यांनी, मोफत ठेवू देतात. जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांच्या निधीतून झालेल्या संशोधनासाठी २०१४ च्या धोरणाने तशी अपेक्षाच केली आहे. म्हणून निबंध स्वीकारल्याचा मेल आला की तो अंतिम मसुदा ग्रंथालयाकडे पाठवा, असे मी आमच्या प्राध्यापकांना सांगत असते. प्रकाशकाच्या अटी पाहून तो भांडारात चढवण्याचे काम आम्ही करतो आणि त्यासाठी एक रुपयाही भरावा लागत नाही.