नीलला एक रात्र पुरते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अंदमानच्या सहलीचा कागद हातात पडला की बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात: पोर्ट ब्लेअर दोन रात्री, हॅवलॉक दोन रात्री, नील एक रात्र, ठीक आहे ना? नील हे छोटं बेट नुसतं बघून यायचं असेल तर ठीक आहे. पाय पसरून निवांत पडायचं असेल तर नाही. त्यासाठी तीन रात्री हव्यात, आणि त्या कोणत्या तारखांना हव्यात हे कॅलेंडरवरच्या सुट्ट्यांपेक्षा तिथी बघून ठरवलेलं बरं.

आधी एका रात्रीचा हिशेब करू. हॅवलॉकहून सुटलेली खासगी बोट तासाभरात नीलला लागते. उतरून, सामान घेऊन, खोली ताब्यात मिळेपर्यंत दुपार होते. जेवण होतं, डोळा लागतो, आणि उठून लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर पोचेपर्यंत सूर्य कलायला लागलेला असतो. अंदमान मुंबईच्या इतकं पूर्वेला आहे की सूर्याच्या हिशेबाने सुमारे 80 मिनिटं पुढे आहे, पण घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि सव्वापाच-साडेपाचला अंधार होतो. 'संध्याकाळी सहाला बीचवर भेटू' हे गणित तिथे चुकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नैसर्गिक पूल (किनाऱ्यावरची खडकाची कमान), नाश्ता, बॅगा आणि परतीची बोट. या धावपळीत पोहायला मिळतात जेमतेम दोन-तीन तास, आणि नेमकी त्याच वेळी ओहोटी असेल तर तेही मिळत नाहीत.

सगळी मेख या ओहोटीत आहे. नीलच्या किनाऱ्यांना लागूनच प्रवाळाचा सपाट कट्टा आहे. भरतीला त्यावर पोहण्याइतकं पाणी असतं. ओहोटीला तेच पाणी घोट्या-गुडघ्यापर्यंत येतं आणि खालचे दगड, मेलेलं प्रवाळ, समुद्री साळू (काटेरी सी अर्चिन) सगळं उघडं पडतं. तेव्हा पोहायचं म्हणजे धारदार प्रवाळावरून चालत आत जायचं. ते पायांनाही वाईट आणि प्रवाळालाही. 'नीलला पाणीच नव्हतं' अशी तक्रार करणारे बहुधा ओहोटीत गेलेले असतात.

कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणात पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, भांगात दोन्ही कमी. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. हे सगळं नीललाही लागू आहे. लागू नाही तो फक्त आपल्याकडचा 'तिथीची पाऊणपट' हा हिशेब. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, हे कोकण किनाऱ्यापुरतं खरं. चंद्र डोक्यावर आल्यावर किती वेळाने पाणी चढेल हे प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं असतं. म्हणून तिथी कालनिर्णयात बघा, पण वेळा पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. तो इंटरनेटवर मिळतो आणि नीलला पुरेसा जुळतो.

आता तारखा कशा निवडायच्या? विश्रांती हवी असेल तर अष्टमीच्या आगेमागे तीन रात्री धरा. पाणी फार उतरत नाही, त्यामुळे पोहायला दिवसभरात जास्त वेळ मिळतो, प्रवाहाचा जोरही कमी असतो. नैसर्गिक पूल, खडकांतली डबकी, त्यांतले मासे आणि समुद्री काकड्या नीट बघायच्या असतील तर अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उत्तम, कारण तेव्हा कट्टा सर्वांत जास्त उघडा पडतो. दोन्ही एकाच फेरीत पुरेपूर साधत नाही. आमचं मत विचाराल तर अष्टमी घ्या. पूल थोडा कमी दिसला तर काही बिघडत नाही, पण दुपारभर खुर्चीत बसून उघड्या दगडांकडे बघत राहणं फार कंटाळवाणं होतं.

महिना कोणता? दरवर्षी मे महिन्यात आपल्या वर्तमानपत्रांत बातमी येते, 'मॉन्सून अंदमानात दाखल'. आपल्याकडे त्या बातमीने हायसं वाटतं, पण तुमची खोली तेव्हा नीलला घेतलेली असेल तर वाटणार नाही. मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत जाऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होत राहतात. 2016 च्या डिसेंबरात अशाच वादळात हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले आणि त्यांना सोडवायला नौदलाला जहाजं पाठवावी लागली. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत समुद्र सर्वांत शांत असतो. एप्रिलमध्ये उकाडा असतो, पण पाणी स्वच्छ आणि संथ. दिवाळी आणि नाताळ हे दोन्ही गर्दीचे आणि महागाईचे दिवस, आणि हवामानही खात्रीचं नाही. तरी मुलांच्या सुट्ट्यांमुळे सगळे तेव्हाच जातात, त्याला इलाज नाही.

बोटीचं आरक्षण विमानाच्या तिकिटानंतर लगेच, हॉटेलच्या आधी करा. खोल्या मिळतात, सोयीच्या वेळेची बोट मिळत नाही. तिकीट काढताना नावांचा घोळ होतो: 2018 च्या अखेरीस नीलचं शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, आणि 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. एका ठिकाणी जुनं नाव, दुसऱ्या ठिकाणी नवं, असं चालतं. स्वराज आणि शहीद यांत गफलत करून चुकीच्या बेटाचं तिकीट काढू नका. ज्या ओळखपत्रावर तिकीट काढलं ते मूळ ओळखपत्र प्रत्येकाजवळ हवं, आणि जेटीवर तासभर आधी पोचायला हवं. पोर्ट ब्लेअरला सरकारी बोट फिनिक्स बे जेटीवरून सुटते आणि खासगी बोटी हॅडोवरून. रिक्षावाल्याला नुसतं 'जेटी' सांगितलंत तर भलतीकडे पोचाल.

सरकारी बोट स्वस्त आणि संथ, पण डेकवर उभं राहून वारा खाता येतो. खासगी बोट वेगवान, वातानुकूलित आणि बंद. ज्यांना बस लागते त्यांना ही बंद बोट हमखास लागते. मधल्या रांगेत, मागच्या बाजूला आणि खालच्या मजल्यावर बसा, तिथे हेलकावे कमी. पोट रिकामं नको आणि वडा-पुरीने भरलेलंही नको. दोन इडल्या किंवा केळं पुरे. एव्होमिनसारखी गोळी घेणार असाल तर ती बोट सुटायच्या तासभर आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते. वयस्कर माणसांसाठी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

क्रम कसा लावायचा, हेही बरेच जण उलटं करतात. उतरल्या दिवशी सेल्युलर जेल, मग बेटं, आणि बेटावरून आल्या आल्या त्याच दिवशी विमान. हा शेवटचा भाग धोक्याचा आहे. वारा वाढला की बंदर खातं बोटी थांबवतं, आणि मग विमान तुमच्यासाठी थांबत नाही. बेटावरून परतल्यावर एक पूर्ण रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवा आणि सेल्युलर जेल त्या दिवशी बघा. सावरकरांची कोठडी हा मराठी माणसाच्या सहलीतला न चुकणारा मुक्काम, तो उतरल्या दिवशीच्या झोपेच्या डोळ्यांनी कशाला उरकायचा? शिवाय जेल वाऱ्याने रद्द होत नाही. स्कूबा करणार असाल तर ही रात्र आणखी उपयोगी, कारण शेवटची डुबी आणि विमान यांत किमान 18 तास, शक्यतो 24 तास लागतात. नाहीतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाल्यावर बुडबुडे होऊन त्रास देतो.

म्हणजे आठ दिवसांची सहल असेल तर पोर्ट ब्लेअर एक रात्र, हॅवलॉक दोन, नील तीन, पुन्हा पोर्ट ब्लेअर एक. स्कूबा आणि राधानगरचा किनारा हॅवलॉकला उरकून घ्या आणि नीलला काहीच करू नका.

काहीच न करायलाही थोडी माहिती लागते. नील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाचेक किलोमीटर. सायकल पुरते, स्कूटर दिवसाला साधारण पाचशे रुपयांना मिळते. भरतपूर जेटीच्या अगदी जवळ, पाणी उथळ आणि संथ, लहान मुलांना उत्तम, पण काचेच्या तळाच्या बोटी आणि जेट स्की इथेच, त्यामुळे सकाळी नऊनंतर गोंगाट. सकाळी भरती असेल त्या दिवशी सात वाजताच पोहून घ्या. लक्ष्मणपूर एक नंबर सूर्यास्ताचा आणि लांब चालायचा. लक्ष्मणपूर दोन नंबरला नैसर्गिक पूल. तिथे ओहोटीच्या आधी तासभर पोचा आणि पाणी चढायला लागलं की परत फिरा. सीतापूर दुसऱ्या टोकाला, सूर्योदयाचा. तिथे लाटा आहेत, खडक आहेत, आणि मोठ्या भरतीला वाळू जवळजवळ संपते. पोहायला तो किनारा नको. खारफुटीच्या आणि खाडीच्या तोंडाशी कुठेच पाण्यात उतरू नका, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. मगरीचा फलक दिसला की तो पर्यटकांना घाबरवायला लावलाय असं समजू नका.

स्नॉर्केलिंगचा चष्मा स्वतःचा न्या. घेताना पट्टा न लावता तोंडावर ठेवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात काढल्यावर तो चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. मिशीतून पाणी शिरतं, तिथे व्हॅसलिन लावा. काचेला आतून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून विसळलात तर वाफ धरत नाही. पायात रबरी तळाचे बूट हवेत, चप्पल नको. ती पहिल्या लाटेत जाते. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट बरा. पाण्यावर तोंड खाली करून तरंगताना पाठ भाजते आणि कळतही नाही.

वाळूतल्या माश्यांबद्दल टूरवाले सांगत नाहीत. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढ्या बारीक, पहाटे आणि तिन्हीसांजेला झाडांजवळच्या ओलसर वाळूत जास्त. चावलेलं लगेच कळत नाही, रात्री खाज सुटते आणि चार दिवस राहते. पायांना खोबरेल तेलाचा जाड थर लावा, वाळूवर थेट आडवं होऊ नका, आणि खाजवू नका. खाजवलं की त्या दमट हवेत जखम चिघळते.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा. नेटवर्क गेलं की यूपीआय जातं आणि बेटावर एटीएमचा भरवसा धरता येत नाही. जेवणाची चिंता नको: बेटावर वसलेली बरीचशी कुटुंबं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची, शेती करणारी. भाजी ताजी मिळते, भात-माशाची थाळी बाजारात सगळीकडे. फक्त मासा सांगितल्यावर तासभर लागतो, भूक लागायच्या आधीच सांगून ठेवा. रोजची औषधं मोजून दोन दिवसांची जास्त घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअरच गाठावं लागतं, तेही बोट असेल तेव्हा.

परतताना शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरच राहू द्या, मेलेले असले तरी. प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं आणि विमानतळावर बॅगेच्या तपासणीत ते हटकून दिसतं. आठवण म्हणून काही हवंच असेल तर पोर्ट ब्लेअरच्या सरकारी सागरिका दुकानातून घ्या आणि पावती हाताशी ठेवा. बॅग भरताना मुलांच्या खिशांतही एकदा हात घाला.