आमची वाटचाल : पाटीविना शिलाई

ब्लाऊज, फॉल, पिको. पुण्यात, कोथरूडला, राहत्या घरात मी ही कामं करते. सुरुवात उषाच्या पायमशीनवर झाली. पुढे पिकोचं मशीन घेतलं, त्याची मोटर अजून तीच आहे. माझ्या कात्रीने घरात कुणी कागद कापलेला मला आजही खपत नाही. पहिली वर्षं सुरळीत गेली.

सांगायचं आहे ते पाटीचं. बाल्कनीच्या ग्रिलला मराठीत रंगवलेली छोटी पाटी होती. ऐन लग्नसराईत चौकातल्या बुटिकवालीने तक्रार केली आणि मला नोटीस आली. तिचा स्वतःचा फलक रात्रभर दिव्यांनी झगमगतो, पुतळे फुटपाथवर उभे. तिला कुणी हटकलं नाही.

मग मी नियम वाचून काढले. राहत्या घरात व्यवसायाला मुभा आहे, पण तो घरच्याच माणसांनी करायचा, पगारी कामगार नको, यंत्रं घरगुती वापराचीच, आणि आत धंदा चालतो हे बाहेरून दिसेल असं काही लावायचं नाही. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही हेच आहे. तिकडे दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांनाही मराठी नामफलक सक्तीचा केला. याच कायद्याची, म्हणजे शॉप अॅक्टची, पावती माझ्याकडे आहे. मग पाटी लावायची की उतरवायची? याचं उत्तर मला एकाही खिडकीवर मिळालं नाही.

पाटी उतरवली. नवी गिऱ्हाइकं गल्लीतून परत जाऊ लागली, अस्तरवाल्याची उधारी थकली, मशीन विकायची वेळ आली. तेव्हा उभ्या राहिल्या त्या आमच्या शाळेतल्या बाई, अगदी पहिल्या गिऱ्हाईक. प्रिन्सेस कटच्या ब्लाऊजचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, माझ्यासारखा कुणी बसवत नाही, असं त्या भिशीत सगळ्यांना सांगत. नातीच्या लग्नाचे सगळे ब्लाऊज त्यांनी माझ्याकडे टाकले. त्यातून उधारी फिटली.

घरून काम करणाऱ्या बायकांनो, पाटी रंगवायला टाकण्याआधी सोसायटीचे उपविधी वाचा, परवानगी लेखी घ्या. सोसायटी हो म्हणाली म्हणून महापालिकेचा नियम सुटत नाही. पाट्या-फलकांचं काम बघणाऱ्या तिथल्या आकाशचिन्ह विभागात आधी विचारा.

माझं नाव आता जिन्यात, फ्लॅटच्या दारावर आहे. लग्नाचे ब्लाऊज महिनाभर आधी टाका. मापाचा ब्लाऊज सोबत आणा. अस्तर भिजवून वाळवल्याशिवाय आम्ही कापत नाही, तेवढे दिवस धरा.