तासाचं काय झालं?

वादळ किनाऱ्याकडे निघालं की वृत्तवाहिन्यांच्या पट्टीवर एक वाक्य हमखास सरकतं : 'ताशी १२० किमी प्रति तास वेगाने वारे'. 'ताशी' म्हणून झालं, तरी 'प्रति तास' आहेच. शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या बाई हे वाचून म्हणतील, तासाने दोनदा भागलंत, हा वेग नव्हे, त्वरण झालं! म्हणजे वारा दर तासाला १२० ने वाढतच चाललाय. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं तेव्हा वारे ताशी ११० ते १२० किलोमीटरचे होते. तेवढ्यानेच नारळी-पोफळी आडव्या झाल्या; पट्टीवरच्या हिशेबाने संध्याकाळपर्यंत कोकण उरलं असतं का?

दुसरीकडे तास पार गायब असतो. 'कार १४० किमीच्या वेगाने दुभाजकावर आदळली.' बोलताना हे चालतंच. 'शंभरने मारत आला' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं. रस्त्यावरच्या लाल वर्तुळातही नुसता ८० असतो, एकक नाही, आणि कोणी अडत नाही. पण बातमीत आकड्यामागे 'किमी' लिहायचं ठरवलंत, तर तासाने काय घोडं मारलंय?

छापील अंकात अरुंद रकान्याची वेगळीच करामत. 'कि.' ओळीच्या शेवटी, 'मी.' पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. वाचणारा क्षणभर विचारतो, मी कोण? खरं तर मेट्रिक पद्धतीत हे संक्षेप नसून चिन्ह मानतात. टिंब नाही, अनेकवचन नाही. रोमनमध्ये के-एम, तिरकी रेघ, एच. गाडीच्या डॅशबोर्डवर बहुधा तेच असतं. आपल्या इंग्रजी पेपरांना आणि हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकांना मात्र 'केएमपीएच' लागतं. मला वाटतं, १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने मैल हटवायला घेतले, पण 'एमपीएच'चा, म्हणजे 'माइल्स पर अवर'चा, साचा तसाच राहिला. त्याला पुढून 'के' चिकटवला, झालं.

क्रिकेटचं 'केपीएच' तर भलतंच. त्यात मीटरच नाही! शब्दशः वाचलं तर ताशी किलो. २००३ च्या विश्वचषकात शोएब अख्तरने इंग्लंडविरुद्ध टाकलेला चेंडू १६१.३ चा होता. किलो म्हणून वाचा आणि यष्टिरक्षकाची दया करा.

अर्थात यातलं बरंचसं अंदाजाने कळतं, म्हणून खपतं. अवकाशात खपत नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरायला लागलं तेव्हा त्याचा वेग होता सेकंदाला सुमारे १.६८ किलोमीटर, म्हणजे ताशी सहा हजारांच्या वर. घाईघाईत सेकंदाच्या जागी तास टाकला, तर हेच यान बैलगाडीच्याही मागे पडेल.