ढब्बूला कोण काय भरवतं

ढब्बू दवाखान्यात आला तो कपड्यांच्या टबात बसून, सोबत घरातली चार माणसं घेऊन. आई, बाबा, आजोबा आणि सातेक वर्षांची मुलगी. ढब्बू म्हणजे सल्काटा जातीचं, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या गवताळ पट्ट्यातलं जमिनीवरचं कासव. या जातीचे थोराड नर पन्नास किलोंच्या पुढेही जातात. दीड वर्षांचा ढब्बू ४८० ग्रॅम भरला. पाळण्याचे कागद रीतसर होते, ते आईनं मी मागायच्या आधीच टेबलावर ठेवले.

"मागचे पाय ओढतोय, डॉक्टर. आणि समोर पानं ठेवली तरी तोंड लावत नाही."

मी त्याला उचललं आणि पाठीच्या कवचावर अंगठा ठेवला. कवच दबलं. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाचं कवच थोडं लवतं, त्यात काही विशेष नाही. पण दीड वर्षांच्या कासवाचं असं दबू नये. खालचा जबडा बोटांनी हलवून पाहिला, तोही लवचीक. चोच वाढून पुढे वाकलेली. कॅल्शियमच्या कमतरतेनं हाडं मऊ पडतात त्याची ही सगळी ओळखीची लक्षणं होती, एक्स-रे काढायच्या आधीच दिसणारी.

अशा वेळी मी दोन गोष्टी विचारते: खाणं काय आणि दिवा कोणता. आईनं वही उघडली. सुकं गवत, ताजं गवत, तुतीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं, आठवड्यातून काही वेळा कॅल्शियमची पूड. यूव्हीबी दिवा, म्हणजे कॅल्शियम अंगी लागायला हव्या असलेल्या उन्हातल्या अतिनील किरणांचा दिवा, नवीन, मध्ये काच नाही (काच ही किरणं अडवते, आणि बरेच जण खिडकीतल्या उन्हावर विसंबून राहतात). अंतर बरोबर, तापमान बरोबर. वहीत खोट काढायला जागाच नव्हती. मग हे कवच कुणाचं?

तेवढ्यात बाबा म्हणाले, "विषारी असं काही पोटात गेलेलं नाही, डॉक्टर. मी सगळं वाचून, तपासूनच देतो."

"काय देता?"

"काही नाही हो. कधीतरी केळ्याचा तुकडा."

आईनं बाबांकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून मला कळलं, की ती वही या घरातल्या एकाच माणसाची आहे. मी सगळ्यांना एकेक कागद दिला आणि चौघांना चार कोपऱ्यांत बसवलं. गेल्या आठवड्यात आपण स्वतः ढब्बूला काय भरवलं एवढंच लिहायचं, दुसऱ्याचं बघायचं नाही. ही युक्ती मी लठ्ठ कुत्र्यांच्या घरच्यांवर नेहमी वापरते. कासवाच्या घरच्यांवर पहिल्यांदाच वापरली.

बाबांच्या कागदावर केळं, सफरचंद, द्राक्षं, रोज संध्याकाळी. आजोबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: दुधात भिजवलेला ब्रेड, सकाळी, आणि पालक, "कारण पालेभाजी". मुलीनं चित्रंच काढली होती, एक बिस्किट, एक चीजचा तुकडा, आणि एक मांजर. मांजर कशाला, म्हणून विचारलं, तर मांजरीच्या वाडग्यातलं खाणं तो स्वतःच जाऊन खातो म्हणे. आईच्या कागदावर पानं होती. संध्याकाळी ती बहुतेक तशीच उरतात, हेही तिनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

मी चारही कागद शेजारी शेजारी ठेवले. प्रत्येकानं "थोडंसंच" दिलं होतं. पण त्या चार थोड्यांचं ढब्बूचं पूर्ण जेवण झालं होतं, आणि खरं जेवण उष्टं न होता कचऱ्यात जात होतं.

त्याचा एक्स-रे लावला तेव्हा खोलीतला आवाज बंद झाला. हाडांच्या कडा पांढऱ्या, ठळक दिसायला हव्यात; इथे त्या आसपासच्या मांसात विरून गेल्या होत्या. फ्रॅक्चर मात्र नव्हतं. आतड्यात वायूचे काळे फुगे होते. विष्ठेचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर एकपेशीय जीवांची नुसती झुंबड. थोडे तिथे असतातच, ते त्याचे भाडेकरू. साखर मिळाली की ते बेसुमार वाढतात. गवत खाणाऱ्या कासवाचं मोठं आतडं म्हणजे तंतुमय चारा आंबवायची जागा. तिथले जिवाणू गवतावर पोसलेले असतात. त्यांना रोज द्राक्षं पुरवली तर आतला सगळा तोल बिघडतो, वायू धरतो, जुलाब होतात.

"पण ब्रेड काय विषारी असतो का?" आजोबांनी विचारलं. स्वर जरा दुखावलेला होता.

"नाही, आजोबा."

"केळं?"

"तेही नाही."

विषारी म्हणावं असं थोडंच असतं. अॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा-लसूण या गोष्टी तर कासवाच्या आसपासही नकोत. पण माझ्याकडे येणारी कासवं बहुधा विषानं आजारी पडलेली नसतात. विषारी आहे का, एवढंच विचारून माणसं थांबतात. हे खाल्ल्यावर तो दुसरं काय खाणार नाही, हे कोणी विचारत नाही. १०० ग्रॅम केळ्यात कॅल्शियम साधारण ५ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २२. कासवाला हे प्रमाण नेमकं उलटं हवं, कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दीडदोन पट. ब्रेडचंही तसंच, आणि वर पिठूळपणा. पालकात कॅल्शियम दिसायला बरंच, पण त्यातली ऑक्झलेट्स ते बांधून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत. दूध पचवायची सोय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पोटात नसतेच. त्यांच्या आया पिल्लांना दूध पाजत नाहीत. मांजरीच्या खाण्यातली प्रथिनं मांसाहारी प्राण्याच्या हिशेबानं घातलेली असतात. कासव प्रथिनांचा कचरा मुख्यतः यूरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतं, आणि पाणी कमी पडलं की तो मूत्रपिंडात, सांध्यांत साठतो, नाहीतर मूत्राशयात त्याचा खडा होतो.

"थोडंसं" या शब्दाचाही मी तिथेच हिशेब करून दाखवला. दहा ग्रॅम केळं आपल्या एका घासाचं. ४८० ग्रॅमच्या ढब्बूला ते म्हणजे साठ किलोच्या माणसानं एका बैठकीत सव्वा किलो खावं तसं. बाबांनी मोबाइलवर भागाकार करून पाहिला आणि मोबाइल खिशात ठेवला.

त्यांची बाजूही सांगायला हवी. त्यांनी खरंच वाचलं होतं, आणि वाचलेलं खोटंही नव्हतं. कासवांना फळं चालतात, हे दक्षिण अमेरिकेच्या जंगलातल्या लाल पायांच्या कासवाबद्दल अगदी खरं आहे. ते गळून पडलेली फळं खातं, प्रसंगी मेलेल्या प्राण्याचं मांसही. ढब्बू त्या जंगलातला नाही. त्याच्या मुलखात वर्षाचे बरेच महिने सुकं गवतच असतं, आणि त्याचं पोट त्यासाठीच घडलंय. कासव म्हणून एकच यादी करणाऱ्यांवर माझा राग आहे; तो मी त्या दिवशी बाबांवर काढला नाही, कारण तोवर आई ते काम करत होती.

आजोबांना मी बाजूला बसवलं. त्यांचं दुःख वेगळं होतं. "माझ्या हातचं खातो हो तो. पानाला तोंड लावत नाही, पण मी ब्रेड धरला की चालत येतो." मला त्यांचं मन मोडायचं नव्हतं आणि ब्रेडही बंद करायचा होता. म्हणून भरवायचं काम त्यांच्याकडेच ठेवलं, फक्त वस्तू बदलली. जास्वंदीचं फूल. लाल-पिवळ्या रंगाकडे कासवं चटकन वळतात. शिवाय काटे काढलेलं फड्या निवडुंगाचं पान, ज्यात कॅल्शियम आणि तंतू दोन्ही आहे.

मुलीला एकच नियम, ढब्बूला हात लावला की साबणानं हात धुवायचे. तिच्या अर्ध्या खाल्लेल्या बिस्किटाचा उरलेला भाग तो खात असे, कधी उलटही होत असावं, आणि निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला, म्हणजे माणसाला जुलाब करणारा जिवाणू, असू शकतो.

ढब्बूला ठेवून घेतलं. कोमट पाण्यात बसवणं, द्रव, कॅल्शियम, आणि गवताच्या पुडीची पेज नळीनं पोटात. निरोगी कासव काही दिवस रुसून उपाशी राहिलं तर चालतं. हा निरोगी नव्हता, त्याच्याशी हट्टाची स्पर्धा परवडणारी नव्हती. घरी पाठवताना आईला शिकवलं: गवत अगदी बारीक कापायचं, त्यात आवडत्या फळाचा जेमतेम वास लागेल एवढा कीस घालायचा, आणि दर काही दिवसांनी कीस कमी करत न्यायचा. हे काम कंटाळवाणं आहे. पहिले काही दिवस तो फक्त कीस वेचून खायचा, मग चुकून गवतही जाऊ लागलं. मांजरीचा वाडगा ओट्यावर गेला. मांजर त्याबद्दल नाराज असल्याचं मुलीनं फोनवर कळवलं.

काही महिन्यांनी एक्स-रेत हाडांच्या कडा दिसू लागल्या. जबडा घट्ट झाला, पाय उचलून चालू लागला. पाठीवर आलेले उंचवटे मात्र तसेच. ते सपाट होतील का, असं बाबांनी विचारलं. जे वाढून बसलं ते तसंच राहणार, पुढची वाढ गुळगुळीत येऊ शकेल. त्यासाठी नुसतं खाणं पुरत नाही. याच जातीच्या पिल्लांवर झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंचवट्यांचा संबंध प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेशी जास्त दिसला होता. वाळवंटाकाठचा प्राणी म्हणून लोक कोरडं ठेवतात, पण रानात तो बिळातल्या दमट हवेत बसलेला असतो. तेव्हा त्याच्या लपायच्या खोक्यात ओलसर माती घाला, असं सांगितलं.

मऊ खाण्यावर दिवस काढल्यानं चोच झिजली नव्हती. ती घासायची राहिली होती. मी ढब्बूचं डोकं धरलं, तशी आजोबांनी खुर्ची पुढे ओढली.

"डॉक्टर, उकडलेलं अंडं कसं काय? वाढदिवसापुरतं."

मी ऐकलंच नाही असं दाखवून चोच घासायचं यंत्र सुरू केलं.