लग्नाच्या पंगतीतली कुजबुज

आज वसईला एका लग्नाच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) गेलो होतो. बायबलमधल्या मत्तयाचा 19 वा अध्याय वाचला गेला, "देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये." जेवताना शेजारच्या टेबलावर लगेच कुजबुज: "ती तर घटस्फोटित, मग कम्युनियन कशी घेते?"

अहो, कम्युनियन म्हणजे मिस्सात मिळणारा पवित्र प्रसाद, आणि ती तो घेते कारण तिला मनाई नाहीच! नुसत्या कोर्टाच्या घटस्फोटाने कॅथलिक माणसाचं कम्युनियन बंद होत नाही. पहिलं लग्न चर्चने अवैध ठरवलेलं नसताना दुसरं केलं, की अडचण. उलट, चर्चने अवैध ठरवलं तरी सरकारदरबारी ते लग्न टिकूनच असतं. त्यासाठी कोर्टात जावंच लागतं. आणि तो ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाचा 1869 चा कायदा! मूळ कलमात बाईला नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरेसा नव्हता, जोडीला क्रूरता वगैरे सिद्ध करावी लागे. परस्पर संमतीची सोय 2001 ची.

मग मंडळी माझ्या अविवाहित आत्याकडे वळली. ती म्हणाली, "बायबलमधलं संत पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र वाचा, सातवा अध्याय." पौल एकटं राहणं चांगलं म्हणतो, हे कुणालाच आठवेना. लग्नाआधीचे वर्ग आपल्याकडे सक्तीचे. एकट्यांसाठी मात्र प्रवचनात क्वचितच एखादं वाक्य. फादरना विचारणार आहे.